दुसरी सही

धारावीच्या टी जंक्शनला सिग्नल लाल झाला, मी मोटरसायकलचा पुढचा ब्रेक दाबला आणि पत्र्यावरून खिळा ओढावा तसा आवाज आला. शेजारच्या टॅक्सीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढून माझ्या चाकाकडे पाहिलं. "पॅड खतम है आपका," त्याने निकाल दिला. सिग्नल सुटायच्या आत त्याने हेही सांगून टाकलं की आता डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, खायला लागेल. मुंबईत असे सल्ले फुकट मिळतात आणि बहुतेक वेळा बरोबर असतात.

आवाज दोन-तीन दिवस येत होता, हे कबूल करतो. पण जुलै होता. जुलैत मुलुंडहून बीकेसीला रोज जाणाऱ्या गाडीने आवाज केला नाही तरच नवल. चिखल, रेती, खोदकामाचा राडा, सगळं डिस्कवर उडतं आणि पॅडच्या फटीत शिरून पॉलिश पेपरचं काम करतं. शिवाय मनाला एक आधार होता. पाच आठवड्यांपूर्वीच सर्व्हिसिंग झालं होतं. जॉब कार्डवर 'ब्रेक तपासणी'च्या समोर बरोबरची खूण होती.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये उकिडवा बसलो आणि मोबाइलचा टॉर्च कॅलिपरमध्ये, म्हणजे दोन पॅडांमध्ये डिस्क धरणाऱ्या चिमट्यात, मारला. पॅडची पाठ लोखंडी पत्र्याची, तिच्यावर घासायचं मटेरियल. नव्या पॅडवर ते चारेक मिलिमीटर असतं. मधोमध एक चीर ठेवलेली असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला. माझ्या आतल्या पॅडवर चीर नव्हती आणि म्हणावं असं मटेरियलही नव्हतं. पत्राच डिस्कला शिवत होता. बाहेरच्या पॅडवर मात्र अजून दीडेक मिलिमीटर शिल्लक होतं. एकाच पंक्तीतल्या दोघांपैकी एकाच्या पानात सगळं वाढलेलं आणि दुसऱ्याचं पान कोरडं, असं का, ते मला तेव्हा समजलं नाही.

वर येऊन जॉब कार्ड शोधलं. मी बँकेत आहे. आमच्याकडे एक साधा नियम आहे, मेकर आणि चेकर. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने तपासून सोडायची. मेकर कितीही हुशार असो, स्वतःची एंट्री स्वतः सोडू शकत नाही. सिस्टीमच नाही म्हणते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या बघून माझी नजर त्या बाबतीत जरा वाईट झाली आहे. जॉब कार्डवर दोन रकाने होते, 'काम करणारा' आणि 'अंतिम तपासणी'. दोन्हींत एकच आद्याक्षर, एकच निळं पेन, एकाच दमात मारलेलं. असं व्हाउचर माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते आल्या पावली परत पाठवलं असतं. गाडी घरी आणताना मी ते कार्ड घडी घालून खिशात टाकलं होतं.

खाली आणखी एक ओळ होती. 'ब्रेक ऑइल टॉप-अप.' तेव्हा ती ओळ वाचून बरंच वाटलं होतं, काहीतरी जास्तीचं केलं म्हणून.

शनिवारी त्याच सेंटरला गेलो. नाव लिहीत नाही; तसा अनुभव कुठेही येऊ शकतो. काचेची भिंत, काचेच्या अलीकडे एसी आणि कॉफीचं मशीन, पलीकडे गाड्या. हातात टॅब घेतलेला मुलगा अदबीने बोलला. नवे पॅड, नवी डिस्क ("खाचा पडल्यात ना सर"), कॅलिपर सर्व्हिस, ऑइल बदल, लेबर, वॉशिंग. एकूण चार हजार एकशे काहीतरी. डिस्कची जाडी मोजली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, दिसतंय ना सर. जो गाडीला हात लावणार होता त्याच्याशी बोलता येईल का, असंही विचारलं. ग्राहकांना आत सोडत नाहीत, सुरक्षेचं कारण आहे. कारण खोटं नाही. पण ज्याच्या हातात माझा ब्रेक जाणार त्याचा चेहरा मला दिसणार नाही आणि ज्याचा चेहरा दिसतोय त्याने पाना हातात धरलेला नाही, ही मांडणी मला त्या दिवशी फारच खटकली. विचार करून सांगतो म्हणालो आणि तसाच मागच्या ब्रेकवर हळूहळू घरी आलो.

मागच्या ब्रेकवर येणं हे आपल्याकडे कुणाला विशेष वाटत नाही. निम्मी मुंबई मागच्याच ब्रेकवर चालते. "पुढचा मारलास की तोंडावर पडशील" हे सायकल शिकताना कानावर पडलेलं वाक्य मोटरसायकलवरही सोबत येतं. प्रत्यक्षात थांबताना वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि थांबवण्याचं खरं काम पुढचं चाक करतं. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे चाक लॉक होऊन घसरण्याची भीती तरी त्या गाड्यांवर कमी झाली. माझी गाडी त्याच्या आधीची. तिच्यावर माझी दोन बोटं हेच एबीएस.

अण्णा, माझे वडील, रेल्वेच्या वाडीबंदर यार्डातून फिटर म्हणून निवृत्त झाले. सीएसएमटीहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे डबे तिथे पिट लाइनवर, म्हणजे खाली खड्डा असलेल्या रुळांवर, तपासायला येतात. आता त्यांचं वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी त्यांना चार हजाराचा आकडा सांगितला. आकड्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. त्यांनी विचारलं, "टॉप-अप का केलं?"

मला उत्तर आलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. पॅड झिजला की त्याला मागून रेटणारा कॅलिपरमधला पिस्टन तेवढा पुढे येतो. त्याच्या मागे झालेली जागा ऑइल भरून काढतं, म्हणून हँडलवरच्या डबीतली पातळी उतरते. कुठे गळत नसेल तर डबीतलं ऑइल कमी होणं हा पॅडचाच निरोप असतो. "निरोप वाचायच्या आधीच पुसला त्यांनी," अण्णा म्हणाले. आणि एक पॅड जास्त झिजला तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या आहेत. मग पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच राबतो. हे त्यांनी बाल्कनीत बसून, गाडी न बघता सांगितलं. मोटरसायकल त्यांनी आयुष्यात चालवलेली नाही.

डिस्कचं त्यांनी मोजूनच ठरवलं. लंगडत खाली उतरले, हातात जाडी मोजायचा जुना व्हर्नियर. मी उत्साहाने डिस्कच्या कडेला लावायला गेलो तर हात धरला. कडेला पॅड पोचत नाही, ती झिजत नाही, तिथलं माप खोटं. झिजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं दाबून धरायला लावलं, नाण्यांसकट माप घेतलं, मग दोन नाण्यांची जाडी वेगळी मोजून वजा केली. तीन पूर्णांक आठ मिलिमीटर. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, बहुतेक कुणी ती वाचत नाही. माझ्या डिस्कवर साडेतीन लिहिलं होतं. खाचा होत्या, पण नखाला जेमतेम लागतील अशा. जवळजवळ अर्धं बिल दोन नाण्यांनी उडवलं.

मी पॅड स्वतः बदलायचे ठरवले, ते पैशासाठी नव्हे. रागाने ठरवले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एलबीएस रोडवरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्याने आधी गाडीचं वर्ष विचारलं, मग "एबीएस आहे का?", मग "कंपनीचं देऊ की लोकल?" लोकल अडीचपट स्वस्त होते. ब्रेकच्या बाबतीत लोकल घेण्याइतका मी शूर नाही. कंपनीच्याच पाकिटात डुप्लिकेट माल येतो ही भीती असतेच, म्हणून छपाई, होलोग्राम, पार्ट नंबर सगळं बघून घेतलं. जोडाला साडेतीनशेच्या आसपास पडले. सोबत सिलिकॉन ग्रीसची पुडी आणि पॉलिश पेपर.

खरं काम तासाभराचंही नाही. कॅलिपरचे दोन बोल्ट सोडायचे, कॅलिपर डिस्कवरून उचलायचा आणि होजवर, म्हणजे ऑइलच्या नळीवर, लोंबू द्यायचा नाही. मी तो सुतळीने फोर्कला बांधला. पॅडच्या पिनेची क्लिप काढायची, पिन ओढायची, जुने पॅड हातात येतात. मग सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वगळलं जाणारं काम, पिस्टनची आंघोळ. बाहेर आलेल्या भागावर महिन्यांचा काळा गाळ बसलेला असतो. तो तसाच आत ढकलला तर सीलला ओरखडे पडतात. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. हे सील एक अजब वस्तू आहे. पिस्टनभोवती चौकोनी धारेची रबरी रिंग, बास. लिव्हर दाबला की पिस्टनबरोबर ती जराशी पिळवटते, सोडला की पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे घेणारी वेगळी स्प्रिंग नाही. ड्रमच्या ब्रेकसारखं दर महिन्याला नट पिळून ॲडजस्ट करावं लागत नाही ते या रिंगमुळे. पॅड जितका झिजतो तितकी ती पिस्टनला पुढे घसरू देते. मी पंधरा वर्षं दोन बोटांनी ज्या गोष्टीवर विसंबलो होतो ती जिलबीएवढी रबरी रिंग होती.

धूळ फुंकरीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. हे अण्णांनी तीनदा सांगितलं. त्यांच्या काळी या मालात ॲस्बेस्टॉस असायचं. आताच्या पाकिटावर नसल्याचं लिहिलेलं असतं, पण त्यांनी त्या पाकिटाकडे पाहिलंही नाही.

मग माझी पहिली चूक. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन पूर्ण आत ढकलावा लागतो, आणि आत गेला की त्याच्या मागचं ऑइल परत वर डबीत जातं. डबी तर टॉप-अपने गच्च. झाकण सैल केलं होतं, पण आधी थोडं ऑइल काढून घ्यायचं सुचलं नाही. ते कडेवरून ओघळून टाकीवर उतरलं. ब्रेक ऑइल रंग खातं. पाण्याने धुवायला पळालो तोवर टाकीवर तळहाताएवढा सुरकुतलेला डाग पडला होता. तो अजून आहे. पाच आठवड्यांपूर्वीचं ते जास्तीचं काम अखेर कुठे कारणी लागलं ते असं दिसलं.

दुसरी चूक याहून मोठी. सरकत्या पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बसवले, क्लिप लावली, बोल्ट आवळले, हात धुतले. स्वतःवर इतका खूश होतो की लगेच गाडीवर बसलो. आमच्या पार्किंगमधून गेटकडे छोटा उतार आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि खाली आल्यावर पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा थेट ग्रिपला टेकला. काहीच नाही. पिस्टन मी आत ढकलून ठेवला होता. तो पुन्हा पॅडपर्यंत यायला लिव्हर दहा-पंधरा वेळा पंप करावा लागतो. हे मला माहीत होतं. मी वाचलं होतं, व्हिडिओत पाहिलं होतं, रस्त्यावरच्या मेकॅनिकला करताना पाहिलं होतं. वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीला धडकून गाडी थांबली. खुर्चीचा एक पाय गेला. वॉचमन पाणी भरायला गेला होता म्हणून एवढंच.

अण्णा बाल्कनीतून बघत होते. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कुणी बघितलं होतं?"

"तुम्ही नाही का बघितलंत..."

"ते नव्हे. तू केलंस. तपासलं कुणी?"

मग त्यांनी ती कागदाची गोष्ट सांगितली. मी ती लहानपणापासून तुकड्यातुकड्याने ऐकत आलो आहे, पण नीट ऐकली ती त्या दिवशी, मोडकी खुर्ची हातात धरून. गाडी यार्डातून निघताना तिच्यासोबत एक कागद जातो, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. डबे तपासणाऱ्यांची त्यावर सही असते, मग ड्रायव्हरची, मग गार्डची. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. सही करण्याआधी शेवटच्या डब्यापर्यंत हवा पोचते का ते बघतात. पुढे इंजिनात पाच किलोचं प्रेशर दिसतंय म्हणून मागे पाच किलो आहे असं धरायचं नाही, गार्डने आपल्या गेजवर बघायचं. ब्रेक ज्याने केला त्याच्या एकट्याच्या शब्दावर गाडी हलत नाही. "आणि आमची गाडी तर शहाणी," अण्णा म्हणाले. रेल्वेत हवेच्या दाबाने ब्रेक सुटलेला राहतो. पाइप फुटला, डबे तुटले, हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. "तुझ्या गाडीत उलटं. ऑइल गेलं की ब्रेकच गेला. म्हणजे तुला तर जास्त सह्या पाहिजेत."

मी घरी बसून काय केलं होतं? सेंटरवाल्याने जे केलं तेच. मीच मेकर, मीच चेकर, एकच निळं पेन. उलट त्याच्याकडे टॉर्क रेंच होता, मी अंदाजाने आवळलं होतं. त्याने दिवसाला दहा कॅलिपर उघडले असतील, मी आयुष्यातला पहिला.

म्हणून 'स्वतः करावं की डीलरकडे द्यावं' असं मला ऑफिसात कुणी विचारलं की मी जरा अडखळतो. लोकांना एका शब्दात उत्तर हवं असतं. पॅड बदलताना ऑइलची लाइन उघडत नाही, म्हणून ते घरी जमतं. पण ऑइलच बदलायचं असेल, लाइनमध्ये हवा शिरली असेल, एबीएसची गाडी असेल तर मी निमूटपणे सेंटरला जाईन. ऑइल दोनेक वर्षांनी बदलायचंच असतं, कारण ते हवेतलं पाणी पितं, आणि मुंबईच्या हवेत त्याची पंगत बारमाही. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालेल्याची हमी १५५ची. आपल्या रोजच्या वेगाला एवढं तापत नाही, हे खरं. पण घाट उतरताना लिव्हर स्पंजासारखा लागला तर ते आठवावं.

तिसरा मार्ग नाक्यावरच्या उस्तादाचा. त्याचं मला एक आवडतं: तो तुमच्यासमोर करतो. तुम्ही स्टुलावर बसून बघता, प्रश्न विचारता, तो वैतागून उत्तर देतो. म्हणजे नकळत चेकर तुम्हीच होता. पण तो पिस्टन स्क्रू ड्रायव्हरने रेटतो आणि टूथब्रशवर हसतो. आमच्या नाक्यावरचा तरी हसला.

गेल्या वर्षी मेमध्ये, पावसाच्या आधी, पुन्हा पॅड बदलले. या वेळी जुने दोन्ही सारखे झिजले होते, ते बघून जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता. अण्णांना आता खाली उतरवत नाही. मी वर जाऊन हिला बोलावलं. हिचा गाडीशी संबंध मागच्या सीटपुरता, आणि तोही "हळू चालव" या दोन शब्दांचा. अण्णांनी बाल्कनीतून तिला तीन गोष्टी सांगितल्या. लिव्हर दाबून बघ, ग्रिपपासून लांबच कडक व्हायला हवा. चाक उचलून फिरव, मोकळं फिरायला हवं. आणि त्याने काय काय सोडलं होतं ते सगळं परत लागलं का, ते त्याला विचारू नकोस, स्वतः बघ.

तिने लिव्हर दाबला. कडक. मी सेंटर स्टँडवरच्या गाडीचं मागचं टोक दाबून धरलं, तिने चाक फिरवलं. मोकळं. मी हात पुसायला घेतले. ती खाली वाकून, ज्या स्टीलच्या वाटीत मी बोल्ट काढून ठेवले होते त्या वाटीत बघत होती.

"हे कशाचं?"

तिच्या चिमटीत पॅडच्या पिनेची क्लिप होती. केसाच्या पिनेएवढी. ती नसती तरी ब्रेक लागला असता, त्या दिवशी, त्या आठवड्यातही. नंतर खड्ड्याखड्ड्यांतून पिन कणाकणाने बाहेर सरकली असती. एलबीएसवर खड्ड्यांना तोटा नाही.

मी क्लिप लावली. तिने पुन्हा वाकून बघितलं, बोटाने ओढून बघितली. घरात गेल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं, मागच्या बाजूला जिथे दुधाचा आणि सिलिंडरचा हिशोब असतो तिथे तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहिले. शेजारी माझी सही घेतली. खाली स्वतःची केली. आणि कंसात लिहिलं: क्लिप नंतर लावली.